दुर्बिणीआधी छिद्र

पहिली रायफल घ्यायची ठरली की घरात बोलणे होते ते रायफलीविषयी. कोणत्या कंपनीची, स्प्रिंगची की हवेच्या टाकीची, नवी की कोणाकडची वापरलेली, आणि शेवटी केवढ्याला. तिच्यावर बसवायची साइट मात्र दुकानदार देईल ती घेतली जाते. कधी कधी 'थोडे वर द्या, दुर्बीण लावून देतो' या बोलीवर सौदा पुराही होतो. नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधल्या, शाळकरी मुलांना नेमबाजी शिकवण्याच्या कामात पालकांशी सर्वांत जास्त बोलावे लागते ते याच बाबीवर. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. पहिल्या रायफलीवर दुर्बीण लावू नये. मागे बारीक छिद्राची आणि पुढे कड्याची साइट, म्हणजे रेंजवर जिला सगळे पीप साइट म्हणतात ती, लावावी. ती परवडेपर्यंत रायफलीसोबत येणारी उघडी साइट नेटाने वापरावी. आणि रायफल थोडी हलकी घ्यावी लागली तरी चालेल, पण साइटच्या पैशांत काटकसर करू नये. हे मत अनेकांना उलटे वाटते. एवढे पैसे घालून लोखंडाचे भोक घ्यायचे आणि तेवढ्याच पैशांत मिळणारी काच सोडायची, हे कोणत्या हिशेबात बसते, असे ते विचारतात. तो हिशेब इथे मांडतो आहे.

इथे रायफल म्हणजे एअर रायफल. नळी .१७७ ची, म्हणजे ४.५ मिलिमीटरची, आणि छरा शिशाचा. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंत जोराच्या हवेच्या रायफलीला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या रायफलीचा जोर त्याच्या निम्म्याहूनही कमी असतो. शालेय क्रीडा स्पर्धांत चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गटांत नेमबाजी आहे, आणि तिच्यात ओपन साइट आणि पीप साइट असे रायफलीचे वेगवेगळे प्रकार आहेत. दहावी-बारावीचे वाढीव गुण आणि सरकारी नोकरीतले खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण हेही पालकांच्या मनात असते, आणि त्यात वावगे काही नाही. पाथर्डी, शेवगाव, अकोल्यातले एखादे घर मुलीसाठी रायफल घेते तेव्हा तो शौक नसतो. ऊस किंवा कांद्याच्या पट्टीतून बाजूला काढलेला तो पैसा असतो. म्हणून तो कुठे घालायचा हे नीट ठरवायला हवे.

आधी निशाणाचे माप पाहू. दहा मीटरवरच्या एअर रायफलीच्या निशाणावर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्यापुढचे प्रत्येक वर्तुळ अडीच मिलिमीटरने दूर सरकते, आणि चारपासून आतला काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा असतो. छर्‍याची कड ठिपक्याला टेकली तरी दहा मिळतात. म्हणजे छर्‍याचा मध्य निशाणाच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडला पाहिजे. आता नेम धरताना मागच्या आणि पुढच्या साइटची जुळणी एक दशांश मिलिमीटरने चुकली असे समजा. साध्या स्प्रिंगच्या रायफलीवर या दोन साइटमध्ये साधारण ४५ सेंटिमीटर अंतर असते. तेव्हा दहा मीटरवर ती चूक वाढून सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास जाते. दहा गुणांसाठी जेवढी मुभा होती ती जवळजवळ सगळी या एका चुकीने खाल्ली. मग हाताचा कंप, श्वास, ट्रिगरचा झटका यांच्यासाठी उरले काय? पीप साइट डोळ्याजवळ, रायफलीच्या मागच्या टोकाकडे बसते, त्यामुळे दोन साइटमधले अंतर ८० सेंटिमीटरच्या घरात जाते आणि तीच चूक सव्वा मिलिमीटरवर येते. भिंग नाही, बॅटरी नाही, काहीच नाही. नुसती जागा बदलल्याने चूक जवळजवळ निम्म्यावर आली. पालकांना मी सगळ्यात आधी हा गुणाकार करून दाखवतो, कारण तो कोणाच्याही शब्दावर विश्वास न ठेवता तपासता येतो.

उघड्या साइटची दुसरी अडचण डोळ्याची आहे. तिच्यात मागची खाच, पुढची माशी आणि दहा मीटरवरचा काळा गोल, अशा तीन गोष्टी एका रेषेत आणायच्या असतात आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. मुलांचे डोळे इतक्या झटपट अंतर बदलतात की तिन्ही एकदमच स्पष्ट दिसतात असे त्यांना वाटत राहते. खरे तर त्यांची नजर पुढे-मागे धावत असते आणि पंधरा-वीस मिनिटांत डोळा थकतो. छिद्रातून पाहताना यातली एक गोष्ट गळून पडते. एक-सव्वा मिलिमीटरच्या छिद्रातून येणारे किरण इतके बारीक असतात की पुढचे कडे आणि निशाण दोन्ही पुरेसे रेखीव दिसतात. डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी नेम फारसा ढळत नाही, कारण किरणांची वाट डोळ्याच्या बाहुलीने ठरत नाही, त्या छिद्राने ठरते. मध्य कुठे आहे हे डोळा न सांगता ओळखतो. गोलात गोल आणि त्याच्यात पुन्हा गोल बसवणे हे डोळ्याला खाचेत टोक बसवण्याहून सोपे जाते. ही सोय केवळ खेळाडूंची नाही. ब्रिटिश सैन्याच्या ली-एन्फिल्ड .३०३ वर पहिल्या महायुद्धात खाचेची साइट होती. दुसर्‍या महायुद्धात आलेल्या त्याच रायफलीच्या नंबर चार या प्रकारावर ती काढून डोळ्याजवळ छिद्राची साइट बसवली गेली. आपल्याकडे ईशापूरच्या कारखान्यात मात्र जुनाच प्रकार बनत राहिला, म्हणून पोलिसांत आणि एनसीसीत पिढ्यान्‌पिढ्या माणसे खाचेवरच शिकली. पुढे आलेल्या ७.६२ च्या एसएलआरवर आणि ५.५६ च्या इन्सासवर मागे छिद्रच आहे. सैन्याने जो धडा युद्धाची किंमत मोजून घेतला तो आपण फुकट घ्यायला हरकत नाही.

आता दुर्बिणीकडे येतो. तिचे आकर्षण मला समजते. दुकानात रायफल खांद्याला लावून दुर्बिणीतून पाहिले की समोरच्या भिंतीवरचा खिळासुद्धा अंगावर येतो, आणि आपल्याला नेम धरता येतो असे मुलाला आणि वडिलांना एकाच वेळी वाटते. पण बाजारात सर्वांत जास्त खपणारी ३-९×४० ही दुर्बीण बंदुकीसाठी बनवलेली असते. तिच्यातली फुली आणि समोरचे दृश्य एकाच प्रतलावर येईल अशी जुळणी तिच्यात साधारण नव्वद मीटरसाठी केलेली असते. दहा मीटरवर तिच्यातून एक तर चित्र धूसर दिसते, आणि दुसरे म्हणजे डोळा दुर्बिणीच्या मधोमध नसेल तर फुली निशाणावरून सरकते. हे सरकणे किती असते तेही मोजता येते. ४० मिलिमीटरच्या काचेत डोळा अगदी कडेला गेला तर दहा मीटरवर नेम अठरा मिलिमीटरच्या आसपास चुकतो, म्हणजे सात वर्तुळे. इतका कडेला डोळा कोणी नेत नाही, हे मान्य. पण त्याच्या दहाव्या हिश्शाने सरकला तरी पावणेदोन मिलिमीटर गेले, आणि नवशिक्याचे डोके दर गोळीला रायफलीवर वेगवेगळ्या जागी टेकते हे कोणत्याही रेंजवर दिसते. जवळच्या अंतरासाठी पुढची काच फिरवून जुळवता येणार्‍या दुर्बिणी मिळतात, पण त्या चांगल्या हव्या असतील तर त्यांची किंमत पीप साइटच्या खाली राहत नाही. स्प्रिंगच्या रायफलीवर आणखी एक गोष्ट घडते. स्प्रिंग सुटताना रायफल मागे येते आणि दट्ट्या पुढे जाऊन हवेच्या गादीवर आपटला की तिला उलट, पुढे झटका बसतो. बंदुकीच्या दुर्बिणी फक्त मागच्या धक्क्यासाठी बांधलेल्या असतात. दोन्ही दिशांच्या या हिसक्यांनी आतली काच ढिली होते, पकड खोबणीत सरकते, आणि मुलगा आपला हात बिघडला असे समजून महिनोन्‌महिने पोझिशन बदलत राहतो.

याशिवाय नियम आहेच. ऑलिंपिकला जाणार्‍या रायफल प्रकारांत दुर्बीण चालत नाही. नंबरचा चष्मा चालतो, रंगीत फिल्टर चालतो, मोठे दाखवणारी काच नाही. शालेय स्पर्धेतही वर सांगितलेले दोनच प्रकार आहेत. दुर्बिणीवर शिकलेले मूल स्पर्धेच्या दिवशी ती काढून ठेवते तेव्हा त्याच्या हाताशी काहीच उरत नाही. 'शेतावरही उपयोग होईल' हा विचार तर मनातूनच काढून टाकावा. संगमनेर, राहुरी, अकोल्याच्या ऊसपट्ट्यात बिबट्याची भीती खरी आहे, ती मी हलकी लेखत नाही. पण बिबट्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि सात-आठ ज्यूलच्या छर्‍याने तो हटत नाही, जखमी होऊन चवताळतो. खेळाची रायफल राखणीला वापरायची नसते, हे रायफल घरात येण्याआधीच घरात बोलून झालेले बरे.

दुर्बिणीच्या बाजूने एक आक्षेप मात्र वजनदार आहे आणि त्याला उत्तर द्यायलाच हवे. दुर्बीण मोठे दाखवते म्हणजे रायफलीची हालचालही मोठी दाखवते. मग मुलाला आपला हात किती हलतो ते कळेल आणि तो लवकर सुधारेल, असे काही चांगले शिक्षकही म्हणतात. यातला पहिला अर्धा भाग बरोबर आहे. दुसर्‍यात गफलत आहे. नऊपट मोठा झालेला कंप पाहून नवशिका स्थिर होत नाही, तो घाबरतो. फुली दहावरून जाताना दिसली की त्या क्षणी ट्रिगर ओढायचा, ही सवय तिथेच लागते, आणि नेमबाजीत सर्वांत उशिरा सुटणारी सवय हीच. पुढे कडे आणि मागे छिद्र असले की काळा गोल कड्यात हळूहळू तरंगतो. ते तरंगणे मुलाला सहन करता येईल एवढेच दिसते, आणि तरंगणे चालू असतानाच ट्रिगरवरचा दाब सावकाश वाढवायला शिकवता येते. कंप मोजायचाच असेल तर त्यासाठी नळीला लावायची आणि नेमाची वाट संगणकाच्या पडद्यावर काढून दाखवणारी यंत्रे आहेत. ती शिक्षकाने पाहावीत आणि गरजेपुरतेच मुलाला दाखवावे. गोळी सुटत असताना मुलाच्या डोळ्यासमोर तो सगळा आलेख नको.

दुसरा आक्षेप नगरमध्ये हमखास येतो, कारण हे लष्कराचे गाव आहे. आर्मर्ड कोअरचे प्रशिक्षण केंद्र आणि शाळा इथे, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल सेंटर इथे, आणि खारेकर्जुनेच्या के. के. रेंजवरचे आवाज आसपासच्या गावांना रोजचे. त्यामुळे कोणाचा तरी भाऊ किंवा मामा सैन्यात असतोच, आणि तो सांगतो की आता तिकडे रायफलीवर लाल ठिपक्याच्या आणि काचेच्या साइट येत आहेत, तुम्ही अजून भोकात अडकलात. त्याचे म्हणणे त्याच्या कामापुरते अगदी खरे आहे. सैनिकाला अंतर माहीत नसते, लक्ष्य हलते, उजेड मावळतीचा असतो, दोन्ही डोळे उघडे ठेवून क्षणात नेम धरायचा असतो. तिथे काच प्राण वाचवते. दहा मीटरच्या खेळात अंतर ठरलेले, निशाण खिळलेले, उजेड दिव्यांचा आणि साठ गोळ्यांसाठी सव्वा तास हातात. या कामाची कसोटी चपळाईची नाही, एकच गोष्ट साठ वेळा तशीच करण्याची आहे. आणि त्या कसोटीला छिद्र किती पुरते याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई नेमबाजी स्पर्धेत सुमा शिरूर यांनी दहा मीटर एअर रायफलीत चारशेपैकी चारशे गुण घेतले. चाळीस गोळ्या, आणि प्रत्येकीचा मध्य अडीच मिलिमीटरच्या आत. दुर्बिणीने त्यात वाढवायला जागाच नव्हती. २०१० मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंत पन्नास मीटर प्रोनमध्ये, म्हणजे झोपून मारण्याच्या प्रकारात, जगज्जेत्या झाल्या, २०२२ मध्ये कैरोला रुद्रांक्ष पाटील दहा मीटरमध्ये झाला. सगळे याच छिद्रातून पाहून.

राहिला पैशांचा आक्षेप, आणि माझ्या मते हाच खरा आहे. परदेशी स्पर्धेची रायफल दीड-दोन लाखांच्या पुढे जाते आणि तिच्यासोबत पीप साइट येते. ज्यांना ते शक्य आहे त्यांच्यापुढे हा प्रश्नच नाही. इतरांसाठी देशी रायफल काही हजारांत मिळते, तिच्यावर उघडी साइट असते, आणि तिच्या किमतीच्या बरोबरीची साइट तिच्यावर लावा असे कोणी म्हटले तर बाप चमकणारच. ओपन साइटचा गट शालेय स्पर्धेत ठेवला आहे तो याच परिस्थितीसाठी, आणि त्याला कमी लेखू नये. पाइप बनवणार्‍या इंडियन ह्यूम पाइप या कंपनीच्या, वालचंद हिराचंद यांनी १९२६ साली काढलेल्या कंपनीच्या, देशी एअर रायफलींवर महाराष्ट्रातल्या अनेक मुलांनी सुरुवात केली आहे. उघड्या साइटवर श्वास, ट्रिगर, उभे राहणे हे सगळे शिकता येते. पण तिच्यावर किती काळ राहायचे हे ठरवून घ्यावे. उघड्या साइटवर मूल मान पुढे काढून खाचेकडे ओढले जाते, कारण खाच डोळ्यापासून लांब असते आणि नीट दिसत नाही. ही मान एकदा बसली की पीपवर गेल्यावर ती परत मागे आणायला फार दिवस जातात. म्हणून माझा आग्रह असा की पाच गोळ्यांचा ग्रुप एका रुपयाच्या नाण्याखाली सातत्याने झाकला जाऊ लागला की उघडी साइट सोडावी, मग त्या गटात पदक मिळण्याची आशा असली तरी. जिल्ह्याचे पदक वर्षभर शाळेच्या फलकावर राहते, मान मात्र पाच वर्षे छळते. यावर वेगळे मत असणारे शिक्षक आहेत आणि त्यांची मुले पदके आणतात. मी पुढच्या पाच वर्षांचा विचार करून बोलतो आहे.

पीप घ्यायची ठरली की निवड बारकाव्यांवर येते. मागचे छिद्र एकाच मापाचे असेल तर ते १.१ ते १.२ मिलिमीटरच्या आसपासचे घ्यावे. शक्य असेल तर कमी-जास्त करता येणारे आयरिस घ्यावे, कारण आपल्याकडचे उजेड सारखे नसतात. आंतरराष्ट्रीय नियमांत निशाणावर किमान १५०० लक्स उजेड लागतो. तालुक्याच्या शाळेच्या सभागृहात दोन ट्यूब आणि खिडकीचे ऊन असते, आणि वीज गेली तर तेही अर्धे. अशा उजेडात बारीक छिद्रातून पाहिले की निशाण करडे होते आणि मूल डोळा ताणते. छिद्र फार लहान केल्याने नेम अधिक तीक्ष्ण होतो हा समज चुकीचा आहे. एका मर्यादेखाली किरण कडेला पसरतात आणि चित्र उलट धुरकट होते. पुढच्या कड्याच्या बाबतीत हीच चूक उलट्या बाजूने होते. डोळ्यापासून पुढची साइट साधारण ९० सेंटिमीटरवर असते, तेव्हा ३०.५ मिलिमीटरचा काळा गोल त्या जागी पावणेतीन मिलिमीटरचा दिसतो. तीन मिलिमीटरचे कडे लावले तर भोवती पांढरे जवळजवळ उरतच नाही, गोल कड्याला चिकटतो आणि मूल 'आता बसला' म्हणत ट्रिगर ओढते. ३.८ ते ४.२ च्या कड्यात चारही बाजूंनी पांढरी पट्टी राहते आणि ती सारखी आहे की नाही हे डोळा लगेच ओळखतो. कडे मोठे म्हणजे नेम ढिला, असे मुलांना वाटते. कागद पाहिला की समजूत आपोआप बदलते. कडी विकत घेताना पुढच्या नळकांड्याचे माप पाहून घ्यावे. १८ आणि २२ मिलिमीटर अशी दोन मापे चालतात आणि एकाची कडी दुसर्‍यात बसत नाहीत.

उंचीकडे कोणीच पाहत नाही, आणि ती तर सर्वांत महत्त्वाची. उभ्या स्थितीत डोके सरळ राहिले पाहिजे, नाहीतर तोल राखणारा कान आणि रेषा पाहणारा डोळा एकमेकांशी भांडतात. मुलाची मान लांब असेल तर साइट उंच करण्याचे ठोकळे पुढे-मागे दोन्हीकडे लावावेत आणि गालाची पट्टी त्याप्रमाणे वर घ्यावी. साइट डोक्याकडे आणायची, डोके साइटकडे न्यायचे नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकलेला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे ज्या प्रकारात खेळतो, त्यात गुडघ्यावर, झोपून आणि उभे राहून अशा तीन स्थिती एकाच सामन्यात येतात. प्रत्येक स्थितीत डोके वेगळ्या जागी येते आणि साइटची जुळणी त्याप्रमाणे बदलावी लागते. दहा मीटरच्या नवशिक्याला एकच स्थिती आहे. तिची उंची एकदा नीट बसवून, खुणा करून ठेवायला अर्धा तास पुरतो.

डोळ्याची तपासणी रायफलीच्या आधी करावी, नंतर नाही. जोराचा डोळा कोणता हे दोन्ही हात लांब करून, तळव्यांच्या मधल्या फटीतून दूरची वस्तू पाहून क्षणात कळते. उजव्या हाताच्या मुलीचा डावा डोळा जोराचा निघाला तर ते पहिल्या आठवड्यात कळलेले बरे, कारण रायफल डाव्या बाजूची घ्यावी की उजवीच ठेवून दुसर्‍या डोळ्यापुढे आड लावावे, हे त्यावर ठरते. एक डोळा घट्ट मिटू मात्र देऊ नये. मिटलेल्या डोळ्याचा ताण उघड्या डोळ्यावर येतो. त्यापेक्षा तीन सेंटिमीटरपर्यंत रुंदीची पांढुरकी पट्टी पुढे धरावी, तेवढी नियमातही बसते. चष्मा असलेल्या मुलांचा घोटाळा वेगळाच. नेम धरताना मान वळते आणि मूल चष्म्याच्या काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपर्‍यातून पाहते. तिथे नंबर तोच असला तरी किरण वाकडे जातात. सिलिंडरचा नंबर असेल तर कडे लांबट दिसते आणि मुलाला ते साइटचा दोष वाटतो. नेमबाजीचा वेगळा चष्मा, ज्यात एकच काच डोळ्यासमोर काटकोनात बसवता येते, हा खर्च रायफलीच्या नाही तर साइटच्या खात्यात धरावा. नेत्रतज्ज्ञाला जाताना पुढच्या कड्याचे डोळ्यापासूनचे अंतर लिहून न्यावे. त्यांना नुसते 'लांबचे दिसत नाही' सांगितले तर ते रस्त्यासाठी चष्मा देतील, आणि चूक त्यांची नसेल.

शेवटची बाब क्लिकची. पीपच्या दोन्ही चाकांवर टक टक असा आवाज देणारे टप्पे असतात. ते स्पष्ट जाणवले पाहिजेत, उलट फिरवल्यावर तेवढ्याच टप्प्यांनी छरा परत जागेवर आला पाहिजे, आणि कुलपाचा स्क्रू असला पाहिजे. साइट घेताना कागद लावून ही एक चाचणी करावी. आधी पाच गोळ्या, मग दहा टप्पे उजवीकडे, पाच गोळ्या, दहा टप्पे डावीकडे, पुन्हा पाच गोळ्या. शेवटचा ग्रुप पहिल्याच्या जागी आला नाही तर ती साइट कितीही चकचकीत असली तरी घेऊ नये. नगरहून बालेवाडीच्या किंवा वरळीच्या रेंजवर जाणारी रायफल एसटीच्या मागच्या सीटवर हादरे खात जाते, आणि तिथे उतरल्यावर जुळणी हललेली असणे ही नेहमीची गोष्ट आहे. २००८ मध्ये बीजिंगला अंतिम फेरीच्या आधीच्या सरावगोळ्यांत अभिनव बिंद्राचा छरा भलतीकडे गेला होता. साइट हलली आहे हे ओळखून, ती काही क्षणांत परत जुळवून तो सुवर्णपदकापर्यंत गेला. त्याच्या हातातली साइट टप्पे बरोबर मोजणारी होती आणि एका टप्प्याने छरा किती सरकतो हे त्याला पाठ होते. वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येक मुलाने हा आकडा स्वतः काढून लिहावा. दुकानदाराच्या कागदावरचा उतरवू नये, कारण साइटमधले अंतर रायफलीगणिक बदलते आणि आकडाही.

आणि पैशांचाच आक्षेप पुन्हा काढायचा तर त्याचे एक उत्तर बाकी आहे. पीप साइट रायफलीवरच्या अकरा मिलिमीटरच्या खोबणीत बसते आणि दोन स्क्रू ढिले केले की निघते. पहिली रायफल दोन-तीन वर्षांत लहान पडते, विकली जाते किंवा धाकट्या भावंडाकडे जाते. साइट पुढच्या रायफलीवर चढते, कडी आणि आयरिससकट. तालुक्यातल्या तीन-चार घरांनी मिळून एक चांगली साइट घेतली आणि आठवड्याचे वार वाटून घेतले तरी चालते. फक्त प्रत्येकाचे टप्पे वेगवेगळ्या वहीत हवेत, आणि ज्याचा वार त्याने आधी पाच गोळ्या कागदावर घालून मगच निशाण लावायचे.